‘कांय जावचें ना’ म्हणणाऱ्या क्लबबरोबर बर्फात जावं का?

पत्र :

‘ताई, मी वाळपईची, वय २९, फोंड्याला बँकेत नोकरीला. तीन वर्षं एका गिर्यारोहण क्लबात आहे. रविवारी वाघेरी, तांबडी सुर्ल, नेत्रावळी असं फिरणं चालू असतं. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये क्लबाबरोबर मनालीजवळच्या हंपता पास ह्या खिंडीचा ट्रेक केला. आता मार्चच्या पहिल्या आठवड्यात आम्ही सहा जण मनालीला निघालोय. नऊ दिवसांचा बेत आहे. चार दिवस सोलंगला स्की शिकायचं आणि मग एक गाइड घेऊन स्कीवरूनच फ्रेंडशिप पीक हे शिखर. सहांतल्या दोघांनीच आजवर स्की पायात घातलेत, तेही तासाभरासाठी. मी ग्रुपवर हिमस्खलनाचं विचारलं तर लीडर दादा म्हणाले, “कांय जावचें ना गो, गाइड आसा न्हय!” म्हणजे काही होणार नाही गं, गाइड आहे ना! गेल्या पावसाळ्यात सत्तरीत एक ओहोळ ओलांडायला मी एकटीच नाही म्हणाले होते. बाकीचे पलीकडे जाऊन धबधबा बघून आले, कुणाला काही झालं नाही. तेव्हापासून मी भित्री भागुबाई. चढायलाही सगळ्यांत हळू मीच. पंधरा हजार भरून झालेत. आईला “मनालीला फिरायला” एवढंच सांगितलंय. जाऊ की नको? मला नुसती भीती वाटतेय की खरंच काही चुकतंय, हेच कळत नाही.’

उत्तर :

बाय, बेत आहे तसाच राहणार असेल तर जाऊ नकोस. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचशील.

बँकेत आहेस, तर आधी हिशेबच करू. आपण समुद्रसपाटीची माणसं. मनाली साधारण २,०५० मीटरवर, सोलंग अडीच हजारांच्या आसपास आणि फ्रेंडशिप पीक ५,२८९ मीटर. तीन हजारांच्या वर गेलं की झोपायची जागा एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम हलवू नये, हा जगभर पाळला जाणारा नियम. तुमचे चार दिवस सोलंगच्या उतारावर जाणार, पण रात्री मनालीच्या हॉटेलात रजईखाली. म्हणजे उंचीची सवय जवळजवळ नाहीच. नवातले हे चार आणि गोव्याहून जाण्या-येण्याचे वजा केलेस तर उरतात तीन, फार तर साडेतीन दिवस. त्यात सोलंग ते तळ, तळ ते वरचा तळ, शिखर आणि परत. मार्चच्या सुरुवातीला पश्चिमेकडून येणारा विक्षोभ, म्हणजे वादळी हवा, दोन दिवस सलग बर्फ टाकून जातो, ही तिकडची नेहमीची गोष्ट. त्यासाठी तुमच्या बेतात एक दिवसही राखलेला नाही. ज्याने हा बेत आखला त्याच्या डोक्यात अजून हंपता आहे. हंपता तुम्ही जूनमध्ये केला. मळलेली वाट, पुढे खेचरं, संध्याकाळी तंबूत गरम सूप. त्याच भागातले डोंगर मार्चमध्ये ओळखूसुद्धा येत नाहीत.

आता स्की. चार दिवसांत स्की येतात का? तुडवून घट्ट झालेल्या, बेताच्या उतारावर, पाठीवर काही नसताना येतात. स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब अशी नांगराच्या फाळासारखी धरून थांबता येतं, एका बाजूला वळता येतं आणि दुसऱ्या बाजूला वळताना पडता येतं. मी तिशीत औलीला शिकायला गेले तेव्हा पहिली अख्खी सकाळ त्या बुटांची बक्कलं लावण्यात गेली होती. थंडीत प्लॅस्टिक ताठ होतं आणि आपली बोटं त्याहून ताठ. गोव्यातून आलेली एकटीच म्हणून सगळे मला बघायला जमायचे, ते वेगळंच.

स्की टूरिंग ही त्याच्या पुढची विद्या. रोपवे नाही, दोर नाही. स्की पायात घालून स्वतःच चढायचं. स्कीच्या तळाला एक लांब पट्टी चिकटवतात. तिला ‘स्किन’ म्हणतात, कारण पूर्वी ती सीलच्या कातड्याची असायची. आता मोहेर, म्हणजे बकरीच्या लोकरीची, नाहीतर नायलॉनची. मांजराच्या पाठीवरून शेपटीकडे हात फिरवला तर सरळ जातो, उलटा फिरवला तर केस अडतात, तसंच तिचं. पुढे सरकते, मागे घसरत नाही. चढताना टाच मोकळी असते, पायाची फक्त पुढची बाजू अडकवलेली. उतार उभा झाला की नागमोडी चढायचं आणि प्रत्येक वळणावर एक स्की उचलून उलट्या दिशेला ठेवायची. ह्या वळणाला ‘किक-टर्न’ म्हणतात आणि नवखी माणसं तिथेच सर्वांत जास्त पडतात. वर पोचलं की पट्ट्या काढायच्या, टाचा अडकवायच्या, बूट आवळायचे आणि खाली यायचं. पहाटे पाचला अंधारात, डोक्यावरच्या दिव्याच्या उजेडात, सहा जणांच्या स्किनचा सर्र-सर्र आवाज ऐकत चढणं ह्याच्यासारखं सुख मला तरी दुसरं माहीत नाही. तुला हे नको म्हणायचंच नाही मला.

पण वर पट्टी काढायला हातमोजे उतरवावे लागतात. वारा असतो. पट्टी फडफडते, स्वतःलाच चिकटते, गोंदात बर्फाचा भुगा जातो आणि मग ती परत स्कीला चिकटतच नाही. दोन पट्ट्या, दोन मिनिटांचं काम. नवख्याला पंधरा मिनिटं लागतात आणि तेवढ्यात बोटं बधिर. उतरताना एकाच उतारावर तीन तऱ्हांचा बर्फ लागतो. वर वाऱ्याने दगड झालेला, मध्ये वरून कडक पण वजन पडलं की मोडणारा, खाली उन्हाने भिजून जड झालेला. पाठीवर बारा किलो. त्या मधल्या पट्ट्यात चार दिवस शिकलेल्या माणसाचा गुडघा फिरला तर त्याला खाली न्यायला पाच जण आणि एक गाइड. हेलिकॉप्टर सिनेमात येतं तितक्या लवकर येत नाही.

आता तुझा हिमस्खलनाचा प्रश्न. तो भित्र्या माणसाचा प्रश्न नव्हता. तुमच्या त्या ग्रुपवर कुणी कामाचं काही विचारलं असेल तर तूच.

आपल्याकडचं जुनं कौलारू घर डोळ्यांसमोर आण. वळचणीपासून आढ्यापर्यंत छप्पर जसं चढतं, साधारण तसा, तीस अंशांच्या आसपासचा उतार हिमस्खलनाला पुरतो. बहुतेक स्खलनं तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवर होतात. त्याहून उभ्या कड्यावर बर्फ फार साठतच नाही, आणि पंचवीसच्या खाली तो सहसा सुटत नाही. वरून आलेला मात्र तिथेही गाडून टाकतो. गंमत अशी की स्की करायला मजाही नेमक्या त्याच तीस-पस्तीस अंशांत येते. म्हणून डोळ्याला सगळ्यांत छान दिसणारा, कुणाच्याही पाऊलखुणा नसलेला गुळगुळीत उतार दिसला की मला अजून पोटात गोळा येतो.

हिमालयाच्या बर्फाची आणखी एक खोड आहे. नोव्हेंबर-डिसेंबरात पडलेला पातळ थर कोरड्या, स्वच्छ, कडाक्याच्या रात्रींमध्ये तळाशी रवाळ होत जातो. मुठीत घेतलास तर गोळा होत नाही, साखरेसारखा बोटांतून गळतो. त्याच्यावर पुढे जानेवारी-फेब्रुवारीत चार-चार फूट जड बर्फ बसतो. साखरेवर फरशी टाकल्यासारखं. वरून काही कळत नाही, आणि मग त्या फरशीवर कुणाचं तरी वजन पडतं. स्खलनात सापडलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास लोकांच्या बाबतीत ते स्खलन स्वतः त्यांनीच किंवा त्यांच्यापैकी कुणीतरी सुरू केलेलं असतं. डोंगर अंगावर येतो असं आपण म्हणतो. खरं तर आपण त्याच्या अंगावर गेलेलो असतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये गुलमर्गच्या वर अफरवटला दोन पोलिश स्कीअर हिमस्खलनात दगावले. त्याआधी ४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तराखंडातल्या द्रौपदी का डांडा ह्या शिखरावर गिर्यारोहण शिकणाऱ्यांची तुकडीच सापडली, २९ जण गेले. त्यांच्यासोबत शिक्षक होते. ‘गाइड आसा न्हय’ हे वाक्य मी म्हणूनच कधी उत्तर धरत नाही.

गाइडचं अजून एक. सहा जणांना तो एक. तोच गाडला गेला तर त्याला शोधणार कोण? आणि त्याला पैसे तुम्ही देणार. शिखर हवं म्हणून तुम्ही हट्ट धरलात तर नाही म्हणायची त्याची किती तयारी असेल? त्याने गिर्यारोहणाचे बेसिक आणि अॅडव्हान्स कोर्स केलेत का, शिकवण्याचा आणि शोध-बचावाचा कोर्स केलाय का, मार्चमध्ये स्कीवरून तो तिथे याआधी गेलाय का, हे विचारणं म्हणजे अविश्वास दाखवणं नव्हे. चांगला गाइड ह्या प्रश्नांनी खूश होतो. कपाळाला आठी पडली तर तेही उत्तरच.

आता ओहोळाकडे येते. पत्रात तो दोन ओळींत आलाय, पण मला वाटतं पत्र तू त्याच्यासाठीच लिहिलंस.

पावसाळ्यात सत्तरीतले ओहोळ कसे येतात ते वाळपईच्या मुलीला मी काय सांगू! वर घाटात पाऊस कोसळत असतो, खाली ऊन, आणि पाणी बघता बघता गुडघ्यावरून कमरेला. तुझे सोबती गेले आणि आले. त्यावरून कळलं काय, तर त्या दिवशी त्या तासात पाणी वाढलं नाही. ते बरोबर होते आणि तू चुकलीस, हे त्यात कुठेच लिहिलेलं नाही. २०२३ च्या पावसाळ्यात दूधसागरला रुळांवरून चालत गेलेल्यांना रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या होत्या, आठवतं? अख्ख्या गोव्याने तो व्हिडिओ बघून हसून घेतलं. पण निदान तिथे चुकीची शिक्षा लगेच मिळाली आणि गुडघ्यांवर भागली. बर्फात असा पोलीस नसतो. वाईट उतारावरून माणूस दहा वेळा हसतखेळत उतरतो आणि दहाही वेळा त्याला वाटतं, आपल्याला बर्फ कळायला लागला. उतार त्याला एकदाही टोकत नाही. तुझ्या लीडर दादांचा ‘कांय जावचें ना’ असाच तयार झालाय. माणूस वाईट नसेल. त्याला आजवर सगळं सोडून देत आलंय, इतकंच.

मी हे कुठल्या तोंडाने सांगते तेही ऐक.

१९९६ चा मे महिना, गढवाल. उत्तरकाशीचा २८ दिवसांचा बेसिक कोर्स करून मला चारच वर्षं झालेली, अंगात रग होती. आम्ही सात जण, क्लबाचं नाव नको. एका खिंडीपर्यंत जाऊन परतत होतो आणि उशीर झालेला होता. उशीर माझ्यामुळे. सगळ्यांत हळू मीच होते, तुझ्यासारखीच. दीडच्या सुमाराला एक घळ आडवी आली, साठ-सत्तर मीटर रुंद, बर्फाने भरलेली. सकाळी जाताना तीच घळ इतकी कडक होती की बूट नुसते वाजत होते. आता पाय गुडघ्यापर्यंत आत जात होता, आणि वरून लाडवाएवढे बर्फाचे गोळे आपोआप घरंगळत येत होते, मागे बारीक रेघ काढत. त्याचा अर्थ मला शिकवलेला होता. ऊन लागून बर्फ सैल झालाय, इथून चालू लागा. मी ते गोळे बघितले आणि गप्प बसले. मनात म्हटलं, सकाळपासून सगळे आपल्यासाठी थांबतायत, आता आणखी वरच्या बाजूने दीड तासाचा वळसा घ्यायला कुठल्या तोंडाने सांगू?

तिसरा माणूस मध्यावर असताना घळ हलली. आवाज मोठा नव्हता. ट्रकमधून रेती ओततात तसा. तो शंभरेक फूट खाली गेला आणि थांबला तेव्हा डोकं आणि एक हात बाहेर होता. ते नशीब. आम्ही धावत गेलो. फावडं कुणाकडेच नव्हतं. दोघांकडे आइस-अॅक्स होत्या. बाकी आम्ही जेवायच्या स्टीलच्या ताटल्या काढल्या. हलता बर्फ थांबला की त्याचं सिमेंट होतं, हे पुस्तकात वाचलेलं होतं. हाताला तेव्हा कळलं. माझी ताटली दुसऱ्या घावात दुमडली. समोर त्याचा चेहरा दिसत होता, तो आमच्याशी बोलत होता, आणि तरी त्याला मांड्यांपर्यंत मोकळा करायला पंचवीस मिनिटं लागली. डोकं आत असतं तर त्या पंचवीस मिनिटांनंतर आम्ही काय बाहेर काढलं असतं, ते तुला सांगायला नको. मांडीचं हाड मोडलेलं होतं. खाली गावात आणायला दोन दिवस लागले.

त्या रात्री लीडरने विचारलं, ‘घळीत शिरण्याआधी नको असं कुणाला वाटलं होतं का?’ सातांतले, जखमी सोडून, सहा जण बसलो होतो. चार हात वर झाले. चौथा त्याचा स्वतःचा होता.

म्हणून तू विचारतेस की ही भीती आहे की खरंच काही चुकतंय, त्यावर माझं म्हणणं असं की ते तू एकटीने ठरवायचं कामच नाही. आम्हा चौघांनाही त्या क्षणी ते वेगळं करता आलं नव्हतं. मला वाटलं मी दमलेय म्हणून घाबरतेय. दुसऱ्याला वाटलं लीडरला जास्त कळतं. लीडरला वाटलं सगळे गप्प आहेत म्हणजे ठीकच असेल. ज्या क्लबात एकाने नुसतं ‘नको’ म्हटलं की, कारण न विचारता, सगळे मागे फिरतात, तिथे हा प्रश्न कुणाला पडतच नाही. तसा क्लब आहे का तुमचा, हे बघायला एक सोपी युक्ती आहे. लीडर दादांना चहाला गाठ. सगळ्यांसमोर नको, ग्रुपवर तर नकोच. विचार, ‘दादा, आजवर आपण कुठकुठून परत फिरलोय?’ दोन-तीन जागा त्यांनी सहज सांगितल्या, कुठे, कशामुळे, कुणी म्हटलं म्हणून, तर त्या माणसाबरोबर पुढेमागे जरूर जा. ‘आम्ही कधीच परतलो नाही’ असं छाती फुगवून म्हणाले तर चहाचे पैसे तूच दे आणि घरी ये.

हळू चालण्याबद्दल मात्र तुला गोड बोलणार नाही. चांगल्या गटात सगळ्यांत हळू माणसाचा वेग हाच गटाचा वेग धरून बेत आखतात. ‘तुझ्यामुळे उशीर होतो’ म्हणणाऱ्याने बेतच चुकीचा आखलेला असतो. तरी मार्चच्या बर्फात घड्याळ फार कडक असतं. दुपार व्हायच्या आत उन्हातल्या उतारांखालून निघालेलं असावं लागतं, आणि तिथे हळू असणं महाग पडतं. तेव्हा आतापासून पाठीवर दहा-बारा किलो घेऊन पारोड्याचा चंद्रनाथ चढ, आठवड्यातून दोनदा. आणि उतरताना पळू नकोस. स्कीला मांड्या लागतात त्या उतरणीच्या. हळूहळू, गुडघा वाकवून, वजन पेलत उतर. वाघेरीला जाल तेव्हा फोनवर उताराचा कोन मोजणारं अॅप घाल आणि आधी अंदाज बांधून मग मोज. महिनाभरात तुझा डोळा तुमच्या ग्रुपमधल्या कुणाहीपेक्षा तयार होईल. डोळ्याला वेग लागत नाही.

आता बेत बदलायचा कसा. नुसतं ‘मी येत नाही’ म्हणालीस तर भागुबाईचा शिक्का आणखी गडद होईल. दुसरा बेत घेऊन जा. सहाही जणांनी सात किंवा चौदा दिवसांचा रीतसर स्की कोर्स करायचा. मनालीची अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था आहे, गुलमर्गला केंद्र सरकारची स्कीइंग आणि गिर्यारोहणाची संस्था आहे, औलीलाही कोर्स चालतात. कोर्स झाल्यावर शेवटचा एक दिवस गाइडबरोबर स्किन लावून पंचवीस अंशांच्या आतल्या, वर मोठा उतार नसलेल्या मोकळ्या जागी चढा-उतरा. पोटभर मजा येते त्यात. फ्रेंडशिप पीक कुठे पळून जात नाही. मे-जूनमध्ये त्यावर पायी मोहिमा जातात, आधी तशी कर. आणि मनापासून ह्यात पडायचं असेल तर उत्तरकाशी, दार्जिलिंग किंवा मनालीचा बेसिक कोर्स कर. बँकेतून महिन्याची रजा मिळवणं शिखरापेक्षा अवघड, हे मान्य.

टूरिंगला जाल तेव्हा प्रत्येकाच्या अंगावर बीकन, पाठीवर प्रोब आणि फावडं. प्रत्येकाच्या म्हणजे गाइडच्याही. बीकन हे रेडिओचं छोटं यंत्र. सगळ्यांचे ४५७ किलोहर्ट्झवर बोलतात. एरवी तो हाक मारत राहतो आणि कुणी गाडलं गेलं की बाकीचे आपापला ‘शोध’वर टाकून त्याच्या हाकेमागे जातात. जवळ आलं की प्रोबने, म्हणजे घडीच्या लांब कांबीने, टोचून नेमकी जागा काढायची आणि मग खणायचं. गाडलेल्यांतली दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेली बहुतेक माणसं वाचतात. पस्तीस मिनिटांपर्यंत तिघांतला जेमतेम एक. म्हणजे बाहेरची मदत कितीही चांगली असली तरी ती उशिराच येणार. जे करायचं ते तिथे असलेल्यांनीच. लीडर दादा बीकनला खर्च म्हणाले तर त्यांना माझी ताटली सांग.

ह्याचा सराव गोव्यात होतो का? मिरामारला उत्तम होतो. सकाळी सहाला, माणसं यायच्या आत, वरच्या कोरड्या वाळूत जायचं. बीकन प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून, चालू करून, एकाने गुडघाभर खोल पुरायचा आणि वरची वाळू सारखी करायची. बाकीच्यांनी पाठ फिरवून उभं राहायचं. मग घड्याळ लावून शोधायचं, टोचायचं, खणायचं. पहिल्या खेपेला वीस मिनिटं लागतील आणि सगळे एकमेकांवर ओरडतील. सहाव्या रविवारी पाचात याल. ओली वाळूही एकदा खणून बघा. तीही चांगली जड असते. फिरायला येणारे आजोबा ‘कितें सोदतात?’ विचारतील, त्याला इलाज नाही.

निघायच्या आधी हवामान खात्याच्या अंदाजाबरोबर चंदीगडच्या डीजीआरई ह्या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेचा हिमस्खलन इशाराही बघत जा. पूर्वी हे काम मनालीची सासे संस्था करायची. ताजा बर्फ पडून गेल्यावर निदान एक-दोन दिवस मोठ्या उतारांपासून लांब. विम्याची पॉलिसी काढून बघ. साध्या पॉलिसीत साहसी खेळ बहुधा वगळलेले असतात.

पंधरा हजारांचं वाईट वाटणार. परत मागून बघ, मिळाले तर मिळाले. पण ते गेलेत म्हणून जाणं हा हिशेब तुझ्या काउंटरवर कुणी मांडला असता तर तूच त्याला समजावलं असतंस.

आणि आईला खरं सांग. परवानगीसाठी म्हणत नाही, एकोणतीस वर्षांची आहेस. तिकडे काही झालं तर पहिला फोन तिलाच जाणार आणि पलीकडचा माणूस ज्या जागेचं नाव घेईल ते तिने कधी ऐकलेलंही नसेल. एका कागदावर तारखा, मार्ग, गाइडचा फोन, कुठल्या दिवशी कुठल्या वेळेपर्यंत तुझा फोन आला नाही तर तिने कुणाला फोन करायचा, एवढं लिहून फ्रिजवर लाव. ओरडेल. मग लाडू बांधून देईल.

बीकन गोव्यात भाड्याने मिळणं अवघड आहे. माझ्याकडे एक जुना पडलाय, एकाच अँटेनाचा. त्याच्या भरवशावर बर्फात कुणी जायचं नाही, पण मिरामारला पुरायला चालेल. हवा असेल तर कळव, सेल नवे घालून ठेवते.